सतरावं पान

मिल्टन कीन्सच्या एका राउंडअबाउटला मी तिसरी फेरी घेत होते आणि हे माझ्यासारख्या बाईला शोभत नव्हतं. एकोणीस वर्षं मी बेसिंगस्टोकमध्ये ड्रायव्हिंगच्या टेस्ट घेते आहे. परक्या माणसाच्या शेजारी बसायचं, मांडीवरच्या टॅबलेटवर त्याच्या चुका टिपायच्या, मायनर की सीरियस, म्हणजे चालण्याजोगी की नापास करणारी, एवढं ठरवायचं आणि डावीकडे वळा, इथे थांबा याखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा धंदा. राउंडअबाउटचा एक्झिट चुकला म्हणून मी किती पोरापोरींना रडत घरी पाठवलं असेल, याची गणतीच नाही. आणि आता मीच गरागरा फिरत होते. चुकत काहीच नव्हतं. दुसरा एक्झिट घ्यायचा हे मला पक्कं ठाऊक होतं, फोनमधली बाईही दर फेरीला तेच बजावत होती. दुसऱ्या एक्झिटपासून चार मिनिटांवर ऑब्री पिनॉक नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे एक जमैकन कवी माझी वाट बघत होते, आणि मी त्यांच्याकडे काय घेऊन चालले आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चौथ्या फेरीला डावीकडून एक पांढरी व्हॅन आत घुसली. मी ब्रेक दाबला, आणि मागच्या सीटवरची बाबांची तपकिरी बॅग धप्पकन खाली पडली. क्षणभर मला वाटलं, बाबाच पडले. मी हात मागे टाकून बॅग चाचपली. पुढच्या फेरीला मी मुकाट्याने दुसरा एक्झिट घेतला.

बाबा फेब्रुवारीत गेले. राफाएल नवगावकर, मूळचे अलिबागजवळच्या नवगावचे, मग ठाण्याचे, मग लंडनचे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. हे वाक्य मला इथे महिन्यातून एकदा तरी बोलावं लागतं, आणि ऐकणारा दर वेळी हाऊ इंटरेस्टिंग म्हणतो. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात बाबा कमी बोलायचे, पण एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. "सॅली, ती तपकिरी बॅग तशीच मातीत घाल. उघडू नको." मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्यात देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, जाळत नाहीत, पायाखाली येऊ देत नाहीत. फाटकी प्रार्थनापुस्तकं साठवतात आणि माणसाला पुरावं तशी पुरतात. बाबांची बॅग म्हणजे आजोबांची जुनी पुस्तकं असणार, असं मी धरून चालले होते. आमच्या सिनेगॉगचे लोक वर्षातून एकदा असे कागद पुरतात. यंदाचा रविवार उद्यावर आला होता. गुरुवारी संध्याकाळी तिथल्या झॅकचा फोन आला. "सॅली अँटी, बॅग नका आणू हं. चामडं, प्लास्टिक, मेटल, काही नको. ओन्ली पेपर." म्हणून मी बॅग उघडली. झॅकचा नियम नसता तर मी ती आहे तशी खड्ड्यात उतरवून आले असते आणि आज घरी निवांत बसले असते.

वर खरंच प्रार्थनापुस्तकं होती, वाळवी लागलेली, ठाण्याच्या घराचा वास असलेली. त्याखाली आईच्या निळ्या काठाच्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेला एक गठ्ठा होता. साडी आईची, म्हणजे गठ्ठा बांधला तो आम्ही दोघी लंडनला आल्यानंतर, चौऱ्याहत्तरनंतर. त्यापूर्वी तो आणखी कशात तरी असणार, आणि बाबांनी तो मध्येच कधीतरी सोडून पुन्हा बांधला असणार. मी गाठ सोडली. आत सायक्लोस्टाइल केलेले कागद होते, पिवळे पडलेले, एकावर एक नीट रचलेले. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सगळीकडे तेच पान होतं. दीडशे वेळा तेच. खाली कोपऱ्यात सतरा आकडा, मध्ये एक इंग्रजी कविता, तिच्याखाली ऑब्री पिनॉकचं नाव आणि शीर्षकाच्या जागी ठळक काढलेली चार हिब्रू अक्षरं. ती चार अक्षरं मलासुद्धा वाचता येतात, म्हणजे वाचता येतात आणि उच्चारायची नसतात. मी तिथेच कार्पेटवर बसले. कारण ऑब्री पिनॉकचं सतरावं पान कुठे गेलं, हा प्रश्न मला तीन आठवड्यांपूर्वीच एका मुलीने विचारला होता आणि मी तिला काही कल्पना नाही म्हणून सांगितलं होतं.

ती मुलगी म्हणजे अन्वी. केंब्रिजला रिसर्च करते, जन्म इथलाच, आजी-आजोबा पुण्याचे. साठ-सत्तरच्या दशकात वेस्ट इंडीजमधून आलेल्या लेखक-चित्रकारांनी लंडनमध्ये काय काय उभं केलं, त्यावर तिचं काम आहे. तिला 'ब्रेडफ्रूट' नावाच्या सायक्लोस्टाइल मासिकाचे बाराच्या बारा अंक सापडले होते आणि ते सगळे एकत्र, होते तसेच, पुन्हा छापायचे घाटत होते. मासिकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'मशीन : आर. नवगावकर' असं लिहिलेलं तिला दिसलं, आणि वेस्ट इंडियन लोकांत हा कोण कोकणी माणूस, म्हणून ती शोधत माझ्यापर्यंत पोचली. ब्रेडफ्रूटबद्दल मी लहानपणापासून ऐकलं होतं. बाबा त्रेसष्ट सालचा माझा जन्म बघून पुढे अडुसष्ट साली एकटेच इकडे आले आणि एका ऑफिसच्या तळघरात सायक्लोस्टाइल मशीन चालवायला लागले. विल्सडेनच्या ज्या घरात त्यांनी खोली घेतली, ते घर ईनिड नावाच्या त्रिनिदादच्या बाईचं होतं. ईनिड दिवसा नर्स होती आणि उरलेल्या वेळात तिने सगळ्या बेटांवरचे कवी, चित्रकार, नाटकवाले आपल्या दिवाणखान्यात गोळा केले होते. कुणी बार्बाडोसचा बसकंडक्टर, कुणी गयानाचा पोस्टमन. आपापल्या बेटावर ते एकमेकांना कधी भेटले नसते, ते इथल्या थंडीत एका खोलीत बसून एकमेकांचं ऐकत होते. पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं, मासिकाचं नाव ब्रेडफ्रूट का? ईनिडने चित्र दाखवलं. बाबा म्हणाले, हा तर आमचा निरफणस, आमच्याकडे काप करून तळतात. झालं. त्या दिवसापासून बाबा त्यांच्यातले झाले. हे सांगताना बाबांचा चेहरा असा उजळायचा की आई म्हणायची, तुम्ही लग्नाची गोष्टसुद्धा इतक्या आवडीने सांगत नाही.

त्यांची पानं लावायची पद्धत बाबा मला हावभावांसकट करून दाखवायचे. रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलं जोडायची. त्यावर पहिल्या पानाचा ढीग, दुसऱ्या पानाचा ढीग, असे ओळीने सगळे ढीग मांडायचे. मग सगळ्यांनी एकामागोमाग टेबलाभोवती फिरायचं. प्रत्येक ढिगावरून एक पान उचलायचं, शेवटाला पोचलं की हातात एक अंक तयार, तो स्टेपल करायला द्यायचा आणि पुन्हा फेरीला लागायचं. कुणीतरी तालात ठेका धरायचं, मग पावलं आपोआप त्यावर पडायची. कवी असो की पोराबाळांची आई असो, फिरण्यातून सुटका कुणाची नाही. ईनिड म्हणायची, ज्याने टेबलाला फेरी घातली नाही त्याने पुढच्या अंकात लिहायचं नाही. ढीग मांडायचं काम मात्र एकट्या बाबांचं. पानांचा क्रम त्यांना तोंडपाठ असायचा. हे ते मोठ्या ऐटीत सांगायचे. चौऱ्याहत्तरमध्ये अकरा वर्षांची मी लंडनला आले, तेव्हा मला त्या टेबलाभोवती फिरायचं होतं. बाबा म्हणाले, ते आता बंद झालं. का बंद झालं? लोक इकडेतिकडे गेले. एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनी त्या तीन शब्दांत एक शब्दही पुढे वाढवला नाही.

लोक इकडेतिकडे का गेले, ते मला अन्वीने फोनवर सांगितलं. त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरचा अंक. ऑब्री पिनॉकने आपल्या आयुष्यातली सर्वांत चांगली कविता त्यात दिली होती. संध्याकाळी ईनिडने त्याच्या हातात अंक ठेवला. त्याने चाळला, सोळानंतर अठरा. त्याने ईनिडकडे बघितलं, अंक कोटाच्या खिशात घातला आणि निघून गेला. निम्मे लोक त्याच्या बाजूने गेले, निम्मे ईनिडच्या. पुढचा अंक निघालाच नाही. "अँटी, पिनॉकने न्यू एडिशनच्या प्रीफेसमध्ये क्लिअरली लिहिला आहे," अन्वी म्हणाली आणि तिने वाचून दाखवलं. ईनिडने माझं पान काढलं. माझा धर्म तिला मान्य नव्हता, आणि समोरासमोर सांगायची तिच्यात धमक नव्हती. ब्रेडफ्रूट त्या दिवशी संपलं. "इट्स सो हार्श. आणि ईनिड तर गेली, ती रिप्लाय नाही करू शकत. तीन वीकनंतरच्या मंडेला सगळा प्रेसला जाणार. तुमचा बाबा मशीन चालवायचा ना? तो पान त्यांनी बघितला असेल. ते कधी काय बोलले का?" मी म्हणाले, नाही. तेव्हा ते खरं होतं.

गुरुवारपासून मी झोपले नव्हते असं म्हणणार नाही. झोपले, पण झोपेतसुद्धा मी बाबांची टेस्ट घेत होते. पहिल्या दिवशी मी त्यांना मायनर दिला. मला त्यांचं मन दिसत होतं. पिनॉक रास्ताफारी पंथाचा झालेला, झायन आणि इस्राएल आपलंच मानणारा. त्याने कुठूनतरी देवाचं नाव उतरवून काढलं आणि स्टेन्सिलवर घातलं. बाबांनी मशीन फिरवलं आणि कागदामागून कागद ते नाव बाहेर पडायला लागलं. दीडशे अंक दीडशे घरांत जाणार, चहाचे कप त्यावर टेकणार, त्यात मासळी बांधली जाणार, शेवटी ते कचऱ्यात जाणार. नवगावला शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्यांचा हा वंशज, शनवार तेल्यांचा. त्याचं धाबं दणाणलं. छापून तर झालं होतं. फेकता येत नाही, वाटवत नाही. मग ढीग मांडताना त्याने सोळाच्या शेजारी अठरा ठेवला आणि सतरावा ढीग कोटाखाली घातला. हे मला कळत होतं. जगात आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. पण संध्याकाळचं काय? पिनॉक पान उलटत होता, ईनिडचा चेहरा उतरत होता, आणि बाबा तिथेच कुठेतरी खुर्च्या रचत असणार. एक वाक्य बोलायचं होतं. सगळं खापर ईनिडच्या डोक्यावर फुटलं आणि आमचा माणूस मूग गिळून खुर्च्या रचत राहिला. नंतर तीन वर्षं तिच्याच घरात भाड्याने राहिला. आम्हालाही तिथेच आणलं. ईनिडबाई मला रोज सकाळी टोस्टवर पेरूची जेली लावून द्यायची. ती जेली आठवली आणि मला बाबांचा असा राग आला की मी त्यांचा फोटो उचलून कपाटात ठेवला, आणि मग रडले.

आणखी एक आठवण होती, ती मी आतल्या आत ढकलत होते. अठ्ठ्याण्णव साली ईनिड गेली, तेव्हा पश्चिम लंडनच्या दफनभूमीत बाबांना मीच गाडीने नेलं होतं. ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले. लोक एकेक मूठ माती टाकत होते, बाबा पुढे गेले नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी पोटाशी ही तपकिरी बॅग धरली होती. मला वाटलं होतं, डबा असेल. येताना गाडीत ती त्यांच्या मांडीवर होती आणि मी त्यांना विचारलं होतं, भूक लागली का? ते म्हणाले, नाही.

तर माझ्यापुढे हे असं होतं. रविवारी सिनेगॉगच्या लोकांबरोबर मी कागद मातीत घातले असते तर बाबांची शेवटची इच्छा पुरी झाली असती, कुणाला काही कळलं नसतं, आणि सोमवारी ईनिडच्या नावाने ते तीन ओळींचं शिक्कामोर्तब कायमचं छापलं गेलं असतं. आणि पिनॉकना सांगितलं, तर चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या हातून त्यांचा राग काढून घ्यायचा आणि त्याबदली काय द्यायचं? दोन दिवस मी पहिल्याच बाजूला होते, हे कबूल करते. मला बाबांना वाचवायचं होतं. शनिवारी सकाळी मी गाडी काढली ती झॅकच्या हातात कागद आजच देऊन मोकळं व्हावं म्हणून, आणि मोटारवेवर कुठेतरी मी पिनॉकना फोन केला. राफाएल नवगावकरची मुलगी बोलते आहे, येऊ का? पलीकडून आवाज आला, राफची पोरगी? ये.

तळमजल्याचा लहानसा फ्लॅट. बाहेर लाल फरसबंदी सायकलवाट, दारात मातीने माखलेले बूट आणि अलॉटमेंटवरून, म्हणजे भाड्याच्या भाजीमळ्यातून, आणलेल्या बीटांची जुडी. पिनॉक उंच होते, आता वाकलेले. पांढऱ्या जटा मानेवर गाठीत बांधलेल्या. ते त्यांच्या जमैकन इंग्रजीत बोलत होते, मी ते माझ्या मराठीत सांगते आहे. त्यांनी चहा ठेवला, बाबा कसे गेले ते विचारलं, त्रास झाला का विचारलं. "राफ चांगला माणूस होता," ते म्हणाले. "त्या गर्दीत एकटा असा, ज्याने मला नंतरही नाताळला कार्ड पाठवलं. दर वर्षी. ज्यू माणूस, आणि मी नाताळ मानत नाही. तरी पाठवायचा." हे मला ठाऊक नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. बॅग माझ्या पायाशी होती आणि मी तिच्या कडीवर अंगठा घासत होते. मग मी विचार करणं थांबवलं, गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि साडीची गाठ सोडली.

त्यांनी चष्मा लावला नाही. सगळ्यात वरचं पान उचलून नाकाशी नेलं, मग लांब धरलं, आणि ओठ हलायला लागले. कविता छोटी आहे. एक आई संध्याकाळी ओट्यावर उभी राहून देवाला नावाने हाक मारते, रस्त्यावर भटकलेल्या बकरीला मारावी तशी, थोडी चिडून, तो येईलच या खात्रीने. वाचून झालं. किटली उकळून बंद झाली. "कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"बाबांच्या बॅगेत."

"सगळी?"

"सगळी."

"ईनिडला ठाऊक होतं?"

"नाही. कुणालाच नाही." आणि मग मी बोलत सुटले, दोन दिवस घोकलेलं सगळं. देवाचं नाव, आमची रीत, फेकायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही, बाबांना तुमचा अपमान करायचा नव्हता, ते घाबरले. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, टेस्टमध्ये नापास झालेली माणसं बोलतात तो.

"थांब," पिनॉक म्हणाले. "ही रीत तू मला सांगू नकोस. मला ती राफने सांगितली आहे." त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं आणि अक्षरांवर बोट ठेवलं. "हे कोणी काढलं, माहीत आहे तुला?"

"तुम्ही."

"मला काय येतंय हिब्रू? मी त्याच्यामागे लागलो होतो. राफ, तुझ्या अक्षरांत ते नाव मला काढून दे. तीन आठवडे तो नाही म्हणाला. चौथ्या आठवड्यात मी त्याला ही कविता वाचून दाखवली. त्याच्या खोलीत, गॅसच्या शेगडीपाशी. त्याचे डोळे भरले. म्हणाला, माझी आईसुद्धा अशीच हाक मारते. आणि स्टेन्सिल पुढे ओढून त्याने स्वतःच्या हाताने काढलं."

मी अक्षरांकडे बघितलं. गुरुवारपासून मी ती बघत होते आणि मला ती नुसती नेटकी वाटली होती. आता दिसलं. शेवटच्या अक्षराचा डावा पाय खाली येऊन किंचित बाहेर वळलेला. आमच्या घरच्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर बाबांनी माझं जन्मनाव हिब्रूत लिहिलं आहे, त्यातही तो पाय तसाच वळलेला आहे. मी लहानपणी त्यावरून पेन्सिल फिरवत असे. म्हणजे बाबा पिनॉकच्या चुकीपासून देवाला वाचवत नव्हते. एका कवितेने त्यांचं मन भरून आलं, हात पुढे झाला, आणि मशीनमधून तो हात दीडशे वेळा बाहेर आला तेव्हा त्यांना आपल्याच हाताची भीती वाटली. आणि तेही मी समजू शकले असते, पण नंतरची एकावन्न वर्षं त्यांनी नाताळची कार्डं पाठवली. मी मनात बाबांच्या नावापुढे सीरियस मांडला. तो मांडताना मला त्यांची माया आली.

पिनॉक खिडकीकडे तोंड करून उभे होते. "हॉस्पिटलमधून ईनिडच्या भाचीने मला फोन केला होता," ते म्हणाले. "आँटी तुमची आठवण काढते, दोन दिवस आहेत, येता का? मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, तिला सांग माझं सतरावं पान दे, मग येतो." "भाची म्हणाली, आँटी म्हणते, पान तर तूच काढून नेलंस ना? मला वाटलं, मरतानाही खोटं बोलते आहे."

मी किटलीतलं पाणी कपांत ओतलं.

"मी इथे आलो ते लंडन नको म्हणून. त्यानंतर मी फारसं लिहिलं नाही. लिहून दाखवायचं कुणाला? ती माणसं मला शिव्या द्यायची, ओळी खोडायची, आणि रविवारी माझं पान उचलून टेबलाभोवती फिरायची. ईनिड सगळ्यात पुढे." त्यांचा हात टेबलावर आला आणि गठ्ठ्यावर पडला, जोरात. बशीतला चमचा वाजला. "एकावन्न वर्षं मी नीट रागावलेलो होतो. आता मी कुणावर रागावू? मेलेल्या माणसावर?"

"माझ्यावर रागवा," मी म्हणाले. "मी इथे आहे."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, हे आता मला हाकलणार, आणि ते बरं होईल. "राफला हे कुठे हवं होतं?" त्यांनी विचारलं.

"मातीत. उद्या आमच्याकडे कागद पुरणार आहेत. बाबांच्याच कबरीजवळ." मी श्वास घेतला. बाबा मला म्हणाले होते, तशीच मातीत घाल, उघडू नको. "पण कागद तुमचे आहेत, मिस्टर पिनॉक. तुम्ही म्हणाल तसं."

ते आतल्या खोलीत गेले. खण उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात एक जुना अंक होता, मुखपृष्ठावर लिनोकटच्या ठशाने छापलेला निरफणस. बटर लावायच्या सुरीने त्यांनी स्टेपलच्या पिना उचकटल्या, एकावन्न वर्षांनी गंजलेल्या, त्या मोडून हातात आल्या. सोळा आणि अठराच्या मध्ये त्यांनी सतरावं पान ठेवलं आणि कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. मग माझ्या हातात अंक दिला. "धर." मी धरला. बस, एवढंच. त्यांनी तो परत घेतला, दोऱ्याने बांधला आणि कपाटात ठेवला. आणखी एक पान त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात घातलं.

"बाकीची मातीत घालू," ते म्हणाले. "देवाचं नाव आहे, राफचं म्हणणं मी मोडत नाही. पण त्याच्याजवळ नाही. ईनिड कुठे आहे, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे," मी म्हणाले. "मी बाबांना तिथे घेऊन गेले होते. ही बॅगही होती."

त्यांनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि राफने ती तिथवर का नेली होती ते समजले. दाराशी जाऊन त्यांनी बूट चढवले आणि कोपऱ्यातलं खुरपं उचलून फडक्यात गुंडाळलं. "आत्ता," ते म्हणाले. "उद्यापर्यंत मी थांबणार नाही. माझं वय बघ."

गाडीत ते माझ्या शेजारी बसले, म्हणजे मी रोज बसते त्या जागी. बेल्ट लावला आणि गठ्ठा घातलेली बॅग मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवून. आज शनिवार होता. शनिवारी गाडी चालवू नये, खणू तर नयेच नये. बाबांना हे सगळं किती लागलं असतं याची मला कल्पना होती आणि मी किल्ली फिरवली. "त्या केंब्रिजच्या मुलीला फोन लाव," पिनॉक म्हणाले. "माझ्या तीन ओळी काढायला सांग. त्या जागी काय घालायचं ते तू सांग. तुझा बाप होता."

अन्वीने लगेच उचलला. मी फोन स्पीकरवर टाकला. पिनॉकनी सांगितलं, माझ्या तीन ओळी काढ. ती गडबडली, ओके, ओके म्हणाली, आणि मग मराठीत मला विचारलं, "अँटी, काय झाला? त्याच्या जागी मी काय लिहू?"

तेच राउंडअबाउट समोर आलं होतं. मी रेषेवर गाडी थांबवली. उजवीकडून गाड्या येत होत्या, मग येत नव्हत्या, आणि मी तशीच थांबले होते. मागच्याने हॉर्न दिला. एकावन्न वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या रचणाऱ्या माणसाला जे वाक्य बोलता आलं नाही, ते माझ्या तोंडात होतं, आणि ते किती जड आहे हे मला पहिल्यांदा कळलं. ते न बोलण्याबद्दल मी बाबांना थोडी कमी शिक्षा द्यायला हवी होती, असंही वाटून गेलं.

"लिही," मी म्हणाले. "सतरावं पान ईनिडने काढलं नाही. राफाएल नवगावकरने काढलं, आणि तो गप्प बसला."

"अँटी, आर यू शुअर? तुमच्या बाबाचा नाव छापून येणार."

"येऊ दे," मी म्हणाले. "मशीन त्याचंच होतं."

पिनॉकना मराठी येत नाही, पण त्या वाक्यातली दोन नावं त्यांना कळली. त्यांनी डोळे मिटले. मागच्याने पुन्हा हॉर्न दिला, तेव्हा मी उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता, आणि आम्ही ईनिडकडे निघालो.